विलायतेतला ओला दिवस

लंडनमध्ये पाऊस फार पडतो, ही समजूत मी जन्मभर बाळगली होती. तिथे जाऊन राहिल्यावर ती निम्मी खोटी ठरली. मुंबईत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आमच्या पुण्यात सातशेच्या आसपास. आणि लंडनमध्ये जेमतेम सहाशेच्या घरात. म्हणजे पावसाच्या बाबतीत पुणेकरानेच लंडनकरापुढे ऐट मिरवावी, असा हा हिशेब आहे! मग त्या लोकांची एवढी तक्रार असते तरी कशाबद्दल? तर आपला पाऊस पाहुण्यासारखा येतो. चार महिने राहतो, घर डोक्यावर घेतो आणि दसऱ्याच्या सुमारास निरोप घेतो. तिकडचा पाऊस हा बिऱ्हाडकरू आहे. बारा महिने राहतो, आवाज करीत नाही आणि जागाही सोडीत नाही.

हे ज्ञान मला २०२३ च्या हिवाळ्यात प्राप्त झाले. आमची मुलगी आणि जावई लंडनच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतात. 'एकदा निवांत राहायला या' असा तिचा धोशा होता. शाळकरी नातवाची ओढ होतीच. सहा महिन्यांचा व्हिसा मिळाला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीस आम्ही उभयता जाऊन पोचलो. पहिले तीन आठवडे मोठ्या मजेत गेले. झाडांची पाने तांबडी-पिवळी झाली होती, ऊन कोवळे होते, आणि परत जायचेच कशाला, इथपर्यंत आमची भाषा गेली होती. मग ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला. त्या दिवशी तिकडे घड्याळे एक तास मागे करतात. एका रात्रीत संध्याकाळ तासभर अलीकडे सरकली. दिवाळीचा फराळ संपला, पणत्या खोक्यात गेल्या आणि बाहेर तो सुप्रसिद्ध पाऊस सुरू झाला. धड पाऊस नाही, धड धुके नाही. ओल्या फडक्याने कोणी सबंध गाव पुसून काढीत असावे, असा.

अशाच एका मंगळवारची गोष्ट. सकाळी आठला मुलगी, जावई, नातू सगळे बाहेर पडले. मी वर्तमानपत्र तीनदा वाचले. सौ. खिडकीशी बसली होती. साडेतीनला मी दिवा लावला, तेव्हा ती म्हणाली,

"अहो, आज घरावरून किती माणसं गेली सांगू? नऊ. त्यातला एक दोनदा मोजलाय. कुत्र्याला घेऊन जाताना आणि येताना."

मी हसलो. ती हसली नाही.

"तिकीट अलीकडचं करून मिळतं का बघा. मला घरी जायचंय."

यावर कोणत्याही नवऱ्याने करू नये ते मी केले. समजूत घालायला लागलो. मुलीने किती हौसेने बोलावले आहे, तिला काय वाटेल, तिकिटे काय फुकट येतात का, वगैरे. तिने ते सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली, "माझा कोणावर राग नाही. मला इथे दिवसच सापडत नाही. उठते तेव्हा अंधार, आणि जेवणाची भांडी आवरून जरा पडून उठते तो पुन्हा अंधार."

तिचे डोळे भरून आले होते. पस्तीस वर्षांच्या संसारात तिला अशी रिकामी बसलेली मी पाहिली नव्हती. मी गप्प झालो.

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. डिसेंबरच्या २१ तारखेच्या सुमारास लंडनचा सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. म्हणजे दिवस आठ तासांचाही नाही. आपल्याकडे तो त्याच तारखेला अकरा तासांचा असतो. रात्री मुलीशी बोलणे निघाले तेव्हा ती म्हणाली, "आई, अगं इथल्या लोकांनाही होतं हे. आजाराला नावसुद्धा आहे." हिवाळ्यात ठरावीक वेळी येणाऱ्या या उदासीचे वर्णन १९८४ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले, आणि उजेड कमी पडणे हे तिचे मोठे कारण समजले जाते. तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेचा तर सर्वांनाच सल्ला असतो की, शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यावे. मुलीने गोळ्यांची बाटली टेबलावर आणून ठेवली आणि हुकूम सोडला : "पाऊस असो नसो, दुपारच्या आत दोघांनी बाहेर पडायचं. ढग असले तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. पंधरा दिवसांनी बरं वाटलं नाही, तर डॉक्टरांकडे जाऊ. आणि तरीही नाही वाटलं, तर मी स्वतः तिकीट बदलून देते."

पंधरा दिवसांची मुदत पडली. आता प्रश्न एवढाच होता की, पावसात जायचे कुठे?

पहिला धडा पोशाखाचा. पुण्याहून नेलेला जाड स्वेटर कुचकामी ठरला. एका जाड कपड्याऐवजी तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत आणि वर पाणी न शिरणारे, डोक्यावर टोपडे असलेले जाकीट घालावे, ही तिथली रीत. सौ.ने साडीला रजा देऊन मुलीची विजार चढविली, आणि आरशात पाहून त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसली. दुसरा धडा छत्रीचा. तिकडच्या वाऱ्यात छत्री उलटते. माझ्या दोन उलटल्या. पुढे वाचनात आले की, अठराव्या शतकाच्या मध्यात जोनास हॅनवे नावाचा गृहस्थ लंडनच्या रस्त्यावर छत्री घेऊन हिंडू लागला, तेव्हा घोडागाडीवाल्यांनी त्याची टर उडविली होती. पुरुषाने छत्री वापरणे तेव्हा बायकी समजत. शिवाय लोक छत्र्या वापरू लागले तर पावसात भाड्याच्या गाडीत बसणार कोण? हॅनवेच्या चिकाटीला मी मनोमन नमस्कार केला आणि स्वतः टोपडे ओढून घेतले.

तिसरा धडा बसचा, आणि हा मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा पकडावी. आम्ही २४ क्रमांकाच्या बसमध्ये हॅम्पस्टेड हीथजवळ बसायचो आणि पिम्लिकोपर्यंत जायचो. वाटेत कॅम्डेनचा बाजार लागतो, ट्रफाल्गार चौक लागतो, पार्लमेंटची इमारत लागते. समोरच्या भल्यामोठ्या काचेवर पाऊस पडतो आहे, आपण कोरडे आहोत, आणि खालून छत्र्यांचा पूर चालला आहे! सौ. म्हणाली, "खिडकीत बसून माणसं मोजायचीच, तर इथे बसून मोजावीत. मोजता मोजता हात टेकायची वेळ येईल."

चौथी गोष्ट संग्रहालयांची. तिथली राष्ट्रीय संग्रहालये २००१ सालापासून सर्वांना विनामूल्य खुली आहेत. खास प्रदर्शनांना तेवढे तिकीट पडते. 'फुकट आहे' हे ऐकून मी एका दिवसात सबंध ब्रिटिश म्युझियम उरकायला निघालो आणि दीड तासात गुडघे धरून बसलो. पैसे पडत नाहीत म्हणजे एका दिवशी एकच दालन पाहून घरी येता येते, हा त्याचा खरा फायदा! त्या म्युझियमच्या मधल्या चौकावर २००० साली काचेचे छप्पर घातले आहे. तीन हजारांहून अधिक काचा, आणि खाली लख्ख उजेड. सौ.ला दिवस सापडला तो तिथे. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे पाहून आलो, की आम्ही त्या चौकात डबा खाल्ल्यासारखे बिस्किटे खात बसत असू.

साऊथ केन्सिंग्टनची तऱ्हा आणखी सोयीची. भुयारी रेल्वेच्या स्टेशनातून थेट संग्रहालयांकडे जाणारा पायी रस्ता जमिनीखालून आहे. तो १८८५ मध्ये बांधला. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आहे. गोऱ्या शिपायाच्या उरावर बसलेला, आणि पोटात आवाज काढणारी पेटी असलेला. नातू त्याच्यासमोरून हलेना. जी वाघनखे २०२४ च्या जुलैत साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आणली, ती याच संग्रहालयाची. ती महाराजांनी वापरलेलीच का, याची खातरजमा झालेली नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. तरी साताऱ्याला जाऊन ती पाहण्याचा मोह आम्हांला पुढे आवरला नाही, हेही खरे.

एका दिवशी मात्र पाऊस, वारा आणि थंडी तिघांनी मिळून आम्हांला गाठले. प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचे घर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले आणि त्याचे स्मारक झाले. त्या घरासमोर भिजत उभे असताना माझी बोटे बधिर झाली होती. मनात आले, अंगात तीन कपडे, खिशात बसचा पास आणि घरी गेल्यावर गरम जेवण असताना आपली ही अवस्था! हा माणूस पैशापैशाची ओढाताण सोसून अर्धपोटी राहायचा आणि दिवसच्या दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात अभ्यास करायचा. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. घेऊन मगच त्याने हा अध्याय पुरा केला. सौ. बराच वेळ काही बोलली नाही. बसमध्ये बसल्यावर म्हणाली, "मी नऊ माणसं मोजून रडत बसले होते."

"तसं नाही," मी म्हणालो, "ते त्यांचं, हे आपलं. दुःखाला लहान-मोठं म्हणू नये." हे वाक्य मी त्या मंगळवारी बोलायला हवे होते. उशिरा का होईना, बोललो.

घरी थांबावेच लागले, तर स्वयंपाकघर आहे. परंतु सावधान! पाऊस म्हणून आम्ही हौसेने कांदाभजी काढायला घेतली आणि पहिल्याच घाण्याला छताला लावलेले धुराचे यंत्र बोंब ठोकू लागले. मी खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतो आहे, सौ. खिडक्या उघडते आहे, बाहेरची थंडी आत येते आहे, अशा अवस्थेत दारावरची घंटा वाजली. शेजारच्या वृद्ध बाई होत्या. आग लागली की काय, हे पाहायला आल्या होत्या. सौ.ने त्यांना आत घेतले आणि पुढ्यात भज्यांची बशी ठेवली. बाईंनी एक खाल्ले, दुसरे खाल्ले, आणि मग हवेविषयी बोलायला सुरुवात केली.

इंग्रज माणूस हवेविषयी बोलतो, याची आपण थट्टा करतो. पण तो त्यांचा 'काय, जेवण झालं का?' आहे. शेवटी सरकारी हवामान खाते १८५४ मध्येच काढणारे ते लोक! त्याचे पहिले प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय. डार्विन ज्या बीगल जहाजातून गेला, त्याचे कप्तान. १८६१ मध्ये वर्तमानपत्रातून हवेचे अंदाज देण्याचा पायंडा त्यांनीच पाडला. सौ.चे इंग्रजी बेताचेच. पण 'आज फार गारठा आहे' एवढ्या वाक्यावर किती दूर जाता येते, हे तिला त्या दिवशी उमगले. बाई एकट्याच राहत होत्या. बोलता बोलता सौ.च्या अंगातल्या स्वेटरची वीण त्यांच्या नजरेस पडली, आणि भाषेची अडचण तिथेच संपली. जवळच्या सार्वजनिक वाचनालयात दर बुधवारी विणकाम करणाऱ्या बायका जमतात, तू येशील का, असे त्यांनी विचारले. वाचनालये तिथे पुस्तकांसाठी तर आहेतच. पण २०२२ च्या हिवाळ्यात वीज आणि गॅस महागल्यापासून, ज्यांना घर गरम ठेवणे परवडत नाही त्यांनी येऊन बसावे, अशीही सोय पुष्कळ वाचनालयांनी केली. ऊब आणि माणसे एकाच छपराखाली, तीही फुकट!

पंधरा दिवसांची मुदत संपली ती आम्हां कोणाच्याच लक्षात आली नाही.

जानेवारीत मला पडसे झाले. बुधवार होता. सौ.ने जाकीट चढविले, लोकरीची पिशवी घेतली आणि दारातून सांगितले, "औषध घ्या, भात टाकून ठेवा. मी येते पाचपर्यंत." मी घरात एकटा. पाऊस चालू होता. वर्तमानपत्र संपले, चहा झाला. पावणेपाचला काळोख दाटला आणि पाच वाजून गेले तरी तिचा पत्ता नाही, तेव्हा मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. ती साडेपाचला आली. केस ओले, गाल थंडीने तांबडे, आणि हातात कोणीतरी दिलेला केकचा तुकडा.

"अकरा माणसं गेली आज," मी जरा घुश्शातच म्हणालो.

"मग तुम्ही का नाही बाहेर पडलात?" ती म्हणाली आणि जाकीट वाळत घालायला गेली.

आम्ही मार्चमध्ये, ठरल्या तारखेलाच परत आलो. दिवाळीनंतर पुष्कळ आई-वडील मुलांकडे परदेशी जायला निघतात, म्हणून हे सगळे सविस्तर लिहिले. सामान भरताना लोणच्याची एक बरणी कमी घ्या, पण पावसाचे चांगले जाकीट अवश्य घ्या. आणि मुलांनाही एक सांगणे आहे : आई खिडकीशी बसून माणसे मोजू लागली, तर तिची समजूत घालू नका. तिला बसचा पास काढून द्या.