वरच्या मजल्याची गच्ची कुणाची?

मे महिन्यात अकोला-नागपूरकडे पारा 45 अंशांकडे सरकला की एसीवरून घराघरांत तणातणी सुरू होते. मुलं 18 वर लावतात, आजोबा उठून बंद करतात, आणि बिलाची धास्ती सगळ्यांनाच असते. या भांडणात रिमोटकडे जेवढं लक्ष जातं, तेवढं डोक्यावरच्या छताकडे जात नाही. खरी बचत गच्चीवर आहे, आणि ती एकट्या वरच्या मजल्यावरच्या कुटुंबावर सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं.

आधी बिल पाहू. महावितरणचे घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातात. 300 च्या पुढचं युनिट पहिल्या शंभरातल्या युनिटाच्या दुपटीहून महाग पडतं. एरवी महिन्याला 150 युनिट लागणाऱ्या घरात दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला आणि तासाला सरासरी एक युनिट लागलं, तर 240 युनिटांची भर पडून आकडा 390 वर जातो. त्यातली वरची 90 युनिटं सर्वांत महागडी. म्हणून बिल मोठं असताना थोडी बचतही चांगलीच जाणवते, कारण कमी होतात ती आधी हीच युनिटं.

रिमोटचं म्हणाल तर 18 वर लावून खोली लवकर थंड होत नाही, यंत्राची ताकद तेवढीच असते. फक्त ते जास्त वेळ राबतं. एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. 2020 पासून स्टार लेबलच्या एसींना सुरू होताना 24 अंशच ठेवण्याचा नियमही लागू झाला. 26 वर एसी आणि सोबत पंखा, एवढ्यावर बहुतेकांना शांत झोप लागते. साधा पंखा 70-75 वॉट घेतो, बीएलडीसी पंखा त्याच्या निम्म्याहून कमी. एसीची जाळी दर पंधरवड्याला धुवावी, खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात. हे सगळं करावंच.

पण वरच्या मजल्यावर एवढं करूनही एसी थांबायचं नाव घेत नाही. दिवसभर उन्हात तापलेला काँक्रीटचा स्लॅब ती उष्णता रात्री खोलीत सोडत राहतो. आपण झोपायला जातो तेव्हा तो तापल्या तव्यासारखा डोक्यावर असतो, आणि एसीची निम्मी रात्र त्याच्याशी झुंजण्यात जाते. ऊन वरच्या वर परतवणं हाच त्यावरचा स्वस्त उपाय. चुन्याचे दोन हात, परवडत असेल तर उष्णता परतवणारा पांढरा रंग, किंवा वॉटरप्रूफिंग नव्याने करायचंच असेल तर वर पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक. चुना पावसात धुऊन जातो, दरवर्षी लावावा लागतो, तरी खर्च सोसवण्यासारखा आहे. पांढऱ्या छतांचं धोरण तेलंगणाने 2023 मध्ये केलं. अहमदाबादेत महापालिकेच्या उष्णता आराखड्यातून वस्त्यांमधली छतं पांढरी झाली. विदर्भातल्या पालिकांना यात अडचण कसली आहे, हे त्यांनी एकदा सांगावं.

विदर्भाकडे कूलरही आहे. जूनमध्ये हवा दमट होईपर्यंत तो एसीपेक्षा बऱ्याच कमी विजेत घर गार करतो. अट एकच, खिडकी उघडी हवी आणि ताट्या स्वच्छ हव्यात. पाणी मात्र भरपूर पितो, आणि जिथे नळ दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतो तिथे हा हिशेब अवघड होतो. कूलर आणि एसी एकाच खोलीत एकत्र लावू नयेत. कूलरने हवेत सोडलेला ओलावा बाहेर काढण्यात एसीची वीज जाते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. ही काटकसर घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आणि तान्ह्या बाळांच्या जिवावर करू नका. उष्णतेच्या लाटेत त्यांची खोली गार राहिलीच पाहिजे. बचत दुसऱ्या खोल्यांतून काढा.

आता गच्चीबद्दल. सोसायटीत हा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं, 'गरम तुमच्याकडे होतं, खर्च तुम्ही करा.' पण गच्ची साऱ्या सोसायटीची. ती गळली तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते, आदर्श उपविधींत तशी तरतूदच आहे. पाणी झिरपलं तर सर्वांचं आणि ऊन झिरपलं तर एकट्याचं, हा न्याय मला पटत नाही. भाडेकरू असेल तर त्याची अवस्था आणखी बिकट. गच्चीवर चुना लावायला त्याला परवानगी मिळत नाही, घरमालकाला विजेचं बिल भरावं लागत नाही.

संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तेव्हा पाऊस असतो, उन्हाळा कुणाच्या डोक्यात नसतो, आणि कंपाउंडच्या भिंतीला रंग कोणता यावर तासभर जातो. वरच्या मजल्यावरच्या सभासदांनी या वर्षी सचिवांकडे आधीच लेखी विषय द्यावा: फेब्रुवारीत गच्ची पांढरी करणे, खर्च दुरुस्ती निधीतून. खालच्या मजल्यावरच्या दोन-तीन शेजाऱ्यांच्या सह्याही सोबत घ्याव्यात.