विचारलं नाही, एवढंच

१९९५ साली आमच्या शाखेत संगणक आले. प्रशिक्षणाला कोणाला पाठवायचं याची यादी मी केली. आमच्या अंध टेलिफोन ऑपरेटरचं नाव तीत नव्हतं. माणूस हुशार. हेड ऑफिसला मी सांगत असलेला व्याजाचा आकडा चुकतोय, हे एकदा फोन जोडताना त्याच्याच कानांनी टिपलं होतं. (ऑपरेटरनं ऐकू नये, हा नियम त्या दिवशी मी विसरलो.) पण ज्याला पडदा दिसत नाही तो संगणकावर काय करणार, असं मी धरून चाललो. त्याला विचारलंसुद्धा नाही.

पुढे कधीतरी वाचलं, की त्याच १९९५ साली ‘ईमॅकस्पीक’ हा संगणकाला बोलतं करणारा प्रोग्राम अमेरिकेत प्रसिद्ध झाला होता. लिहिणारे टी. व्ही. रामन पुण्यात वाढलेले, चौदाव्या वर्षी दृष्टी गेलेले, मुंबईच्या आयआयटीत शिकलेले. डोळसांना प्रोग्राममधले निरनिराळे भाग रंगांनी दाखवतात. रामन यांनी ते आवाज बदलून ऐकवले. आज्ञा एका आवाजात, शेजारची टीप दुसऱ्या.

प्रोग्राम म्हणजे अखेर मजकूरच. तो ऐकता येतो, ब्रेलमध्ये बोटांनी वाचता येतो. अडतं बारीकसारीक जागी. ‘पायथन’ भाषेत ओळीच्या आधी किती जागा सोडली यावर अर्थ ठरतो. आता मोकळी जागा ऐकू कशी येणार? ‘एनव्हीडीए’ हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर ती बोलून किंवा सुरांनी कळवतो. २००६ साली तो सुरू केला ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं, आणि तोही पायथनमध्येच. ज्याचं जळतं त्याला कळतं!

मग अडतं कुठे? माझ्या मते, डोळस शिकवणाऱ्याच्या डोक्यात. शाळेत प्रोग्रामिंगचा श्रीगणेशा रंगीत ठोकळे माऊसनं ओढून होतो. सर पडद्याकडे बोट करून ‘हे इथं, ते तिथं’ म्हणतात. अंध मुलगी नुसती बसून राहते, आणि तिला टायपिंग पुरे, असं ठरतं. तिला पहिल्या दिवसापासून कीबोर्डवर लिहायची भाषा द्या, प्रत्येक ओळ वाचून दाखवा, परीक्षेच्या संगणकावर तिच्या सवयीचा स्क्रीन रीडर ठेवा. यात उपकार नाहीत. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा अशी सोय मागण्याचा अधिकारच देतो.

त्या ऑपरेटरचं सांगायचं राहिलं. पुढे फोन थेट लागू लागले आणि त्याचा बोर्ड निघाला. निवृत्तीपर्यंत तो कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलाशी बसून होता, पूर्ण पगारावर. युनियनला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही.