सवलत आहे, साथ कुठे?

पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेणारी आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक करणारी कायदादुरुस्ती २०१७ मध्ये झाली. ती स्वागतार्हच होती. पण रजेवरून परतलेल्या स्त्रीचे मन कामात रमेल, याची हमी कायदा देऊ शकत नाही.

संस्थेला आपल्या कामाची कदर आणि हिताची काळजी आहे, असे वाटले तर कर्मचाऱ्याची बांधिलकी वाढते, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट आयझेनबर्गर व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडले. नाइलाजाने दिलेल्या सवलतीपेक्षा स्वेच्छेने दिलेली सवलत ही भावना अधिक दृढ करते, अशी भर १९९७ च्या अभ्यासाने घातली.

आपल्याकडे नेमकी येथेच गफलत होते. आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याची मुभा कायद्याने दिली. ती घेताच वरिष्ठांच्या कपाळावर आठी उमटत असेल, तर सवलत कागदावरच राहते. अशा वेळी नोकरी ओझे वाटू लागते आणि अनुभवी कर्मचारी राजीनामा देते. पाळणाघर कायद्याच्या धाकाने उभे राहील. तेथे निःसंकोच जाता येईल असे वातावरण मात्र वरिष्ठांनाच निर्माण करावे लागेल.