गिझर काय म्हणतोय?

घरातले आवाज बाईला पाठ असतात. अंगणात कपडे वाळत घालतानाही कुकरची ही तिसरी शिट्टी की चौथी, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. वरची टाकी वाहायला लागली, मोटर पाणी न ओढता नुसतीच फिरतेय, सगळं आधी आपल्याच कानावर येतं. गिझर कुरकुरायला लागला, हेही पहिल्यांदा आपणच बोलून दाखवतो. त्यावरचं उत्तर मात्र ठरलेलं, "जुना झालाय गं, करणारच आवाज. पाणी तापतंय ना?"

मला हे उत्तर पटत नाही. आवाज कशाचा आहे हे ओळखायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. तो कधी येतो आणि कसा येतो, एवढं नीट ऐकलं की निम्मं निदान झालं.

सगळेच आवाज काळजीचे नसतात. पाणी तापल्यावर एकदाच 'टक्' होतं, ते थर्मोस्टॅटने वीज बंद केल्याचं. गरम पाणी सोडल्यावर पाइप टिकटिकतो, कारण तो तापून किंचित लांबतो. नळ झटकन बंद केला की भिंतीत 'धाड' होतं, ते धावतं पाणी एकदम अडल्याचं. नळ सावकाश बंद करावा, सैल पाइप क्लॅम्पने पक्का करून घ्यावा.

लक्ष द्यायचं ते रटरटण्याकडे. बटण दाबल्यावर थोड्या वेळाने पिठलं शिजल्यासारखा आवाज येत असेल, तर कॉईलवर क्षार साचले आहेत असं समजावं. बोअरचं पाणी बहुधा जड असतं. ते तापलं की त्यातला चुना कॉईलला चिकटतो. या थरात अडकलेल्या पाण्याची वाफ होते, बुडबुडे फुटतात आणि गिझर रटरटतो. थराखाली कॉईल प्रमाणाबाहेर तापते आणि एक दिवस जळते. जड पाण्याच्या गावात वर्ष-दोन वर्षांतून टाकी उघडून साफ करून घ्यावी. त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा रॉडही बघायला सांगावा. टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजत असतो, संपला की बदलावा लागतो. थर्मोस्टॅट 60 अंशांच्या वर ठेवू नये. पाणी जितकं जास्त तापतं, तितका थर लवकर धरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाणी तापलं की फुगतं. 15 लिटरच्या गिझरमध्ये पेलाभर पाणी जास्तीचं होतं. ते परत टाकीकडे जाऊ शकलं नाही, तर सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळतं. हे गळणं म्हणजे व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. पण 'फरशी ओली होते' म्हणून तिथे बूच मारणारे महाभाग आहेत! अशा वेळी थर्मोस्टॅटही बिघडला, तर वाफेला वाट उरत नाही आणि टाकी फुटू शकते. कुकरची शिट्टी आपण कधी बांधून ठेवू का? गळणं सतत चालू असेल तर व्हॉल्व्ह बदलावा, बंद करू नये.

गॅस गिझरची गोष्ट वेगळी. पेटताना 'भप्प' झालं, तर गॅस आधी साचतोय आणि मग पेटतोय. असा गिझर दुरुस्त होईपर्यंत वापरू नये. त्याचा खरा धोका मात्र आवाजच करत नाही. बंद न्हाणीघरात हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळ करणारं माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध पडतं. म्हणून गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. जागा नाही, ही सबब इथे चालणार नाही.

एवढं सगळं कळत असूनही मेकॅनिक दारात उभा राहून विचारतो, "वहिनी, साहेब कधी येतील?" साहेब संध्याकाळी येतात, त्यांनी तो आवाज ऐकलेलाही नसतो. मग 'ठीक आहे' म्हणून शेरा मिळतो आणि आपण उगाच घाबरट ठरतो.

मैत्रिणींनो, मेन स्विच बंद करणं आपलं काम, गिझर उघडणं मेकॅनिकचं. पण काय होतंय ते सांगणं हेही आपलंच काम. आवाज बटण दाबल्यावर लगेच येतो की उशिरा, व्हॉल्व्ह कधी गळतो, शेवटची सफाई कधी झाली, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर निघालेला थर दाखवायला सांगा, पैसे त्यानंतर द्या. आणि 'साहेब आहेत का' असं विचारलंच, तर शांतपणे म्हणा, "गिझरचं माझ्याशी बोला."