जॅक उचलतो, घोडी पेलते

गोंदिया जिल्ह्यातील व्यापारी कुटुंबाची मोटार सकाळी राइस मिलवर, दुपारी बाजारपेठेत आणि सायंकाळी आमगाव किंवा देवरीच्या वाटेवर असते. लग्नसराईत तीच साऱ्या घराला घेऊन नागपूर गाठते. दुकानातील काटा वेळोवेळी तपासून घेणारे हात टायरमधील हवा मात्र अनेकदा केवळ नजरेने ठरवतात. तोलातील चूक पैशाने भरून निघते. येथील चूक जिवावर बेतू शकते.

विदर्भाचा उन्हाळा टायरची कठोर परीक्षा घेतो. हवा कमी असलेले टायर चालताना अधिक दबते, आतून तापते आणि भरल्या गाडीच्या वेगात फुटण्याचा धोका वाढतो. म्हणून घरातील पहिली खरेदी हवा मोजण्याच्या गेजची असावी. गाडी सुरू करण्यापूर्वी, सकाळी टायर थंड असताना हवा मोजावी. योग्य आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर असतो; पूर्ण प्रवासी व सामानासाठी तेथे वेगळा आकडा असल्यास तो पाळावा. प्रवासात तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते, ती काढून टाकू नये. टायरच्या कडेवरील चार अंकी खुणेने त्याचे वय कळते : २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावे.

दुसरी खरेदी घोडीच्या जोडीची. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. हायड्रॉलिक जॅकचे सील निकामी झाले, तर गाडी क्षणात खाली येते. घोडीचा भार मात्र लोखंडी खिळीवर किंवा दात्यांवर पेलला जातो. जमीन सपाट व टणक असावी, हँडब्रेक ओढलेला असावा, जमिनीवरील चाकांना ठोकळे लावावेत. घोडीवर लिहिलेली भारक्षमता गाडीच्या वजनाशी ताडून पाहावी. केवळ जॅकवर असलेल्या गाडीखाली कोणीही, दुकानातील नोकरसुद्धा, क्षणभरही जाऊ नये.

राइस मिलच्या आवारातील कोंडा व धूळ एअर फिल्टरमध्ये साचते. इंजिनाला पुरेशी हवा मिळत नाही. ज्यांची गाडी रोज मिलवर उभी राहते, त्यांनी पुस्तिकेतील मुदतीची वाट न पाहता फिल्टर आधीच उघडून पाहावे. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कोंडाही काढावा. मात्र इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, उकळते पाणी अंगावर उसळते.

गेज, हवा भरण्याचा छोटा पंप, चांगला जॅक, घोडीची जोडी आणि नट सोडवण्याचा मजबूत पाना एवढे साहित्य घरगुती गॅरेजला पुरते. मोठी यंत्रे गॅरेजवाल्याकडेच शोभतात. सोबत एक लहान वही ठेवावी : तारीख, किलोमीटर, टायरची हवा, फिल्टर केव्हा बदलले. हिशेबाची सवय घरात आहेच; तिच्यात गाडीचे एक खाते उघडायचे आहे.