पेटीतले वस्त्र आणि अंगावरचे वस्त्र

चंडीगड हे नवे शहर आहे. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाबला राजधानी उरली नाही. म्हणून १९५२ साली या शहराची पायाभरणी झाली. जुन्या परंपरांचे ओझे नसलेले, स्वतंत्र देशाचे प्रतीक ठरेल असे शहर जवाहरलाल नेहरूंना हवे होते. ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पकाराने त्याचा आराखडा घडवला. रुंद सरळ रस्ते, क्रमांक दिलेले सेक्टर, काँक्रीटच्या भव्य इमारती. येथे जुना वाडा नाही, जुनी पेठ नाही. ज्या खेड्यांच्या जमिनीवर शहर उभे राहिले, ती खेडीही उठली. अशा शहरात जुने काही शोधायचे असेल तर ते घरांच्या भिंतींत सापडत नाही. ते लोखंडी पेट्यांत सापडते.

या पेट्यांतील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे फुलकारी. हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या जाड्याभरड्या खादीवर न पिळलेल्या रेशमी धाग्याने भरलेले हे ओढणीवजा वस्त्र पंजाबच्या घराघरांत स्त्रिया तयार करीत. भरतकाम इतके दाट असले की खालची खादी दिसेनाशी व्हावी, तर त्या वस्त्राला ‘बाग’ म्हणत. फुलकारीचे वैशिष्ट्य असे, की ती कापडाच्या मागील बाजूने भरली जाते. कापडाचे धागे मोजून सुई घालायची, आणि नक्षी मात्र पलीकडच्या बाजूला उमटत जायची. खादीचा पन्हा अरुंद असल्यामुळे दोन किंवा तीन पट्ट्या जोडून एक वस्त्र होई. कित्येकदा पट्ट्या आधी भरून मग जोडल्या जात. त्यामुळे शिवणीपाशी नक्षी थोडी चुकलेली दिसते. जाणकार संग्राहक हीच चूक आधी पाहतो, कारण यंत्राला ती करता येत नाही.

प्रत्येक वस्त्राला प्रसंग ठरलेला होता. ‘चोप’ ही फुलकारी आजोळच्या आजीने नातीच्या लग्नासाठी भरायची. तिची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी असते. घरात नातू जन्मला की आजी ‘वरी दा बाग’ भरायला घेई. तो नातू मोठा होऊन त्याची वधू घरात येईपर्यंत ते वस्त्र तिची वाट पाहत असे. बठिंडा, फरीदकोट या भागांतील ‘सैंची’ फुलकारी तर चित्रांचे पुस्तकच होय. नांगरणारा शेतकरी, दळणारी बाई, पशुपक्षी, दागिने आणि नव्याने पाहिलेली आगगाडी, हे सारे तीत आढळते. आणि इतकी निगुतीने भरलेल्या बागेतही एखादा कोपरा मुद्दाम अपुरा किंवा वेगळ्या रंगाचा ठेवला जाई. दृष्ट लागू नये, एवढाच त्याचा हेतू.

१९४७ मध्ये ही वस्त्रे विखुरली. घर सोडताना काही पेट्या मागे राहिल्या, काही डोक्यावरून आल्या. आलेल्यांपैकीही पुष्कळ वस्त्रे पुढे पोटासाठी विकली गेली. त्या काळी वस्तुसंग्रहालयांचीही वाटणी झाली. १९४८ साली लाहोरच्या संग्रहालयातील वस्तूंपैकी सुमारे ४० टक्के वस्तू भारताच्या वाट्याला आल्या आणि अनेक ठिकाणी फिरून अखेर १९६८ मध्ये चंडीगडच्या सेक्टर १० मधील शासकीय संग्रहालयात स्थिरावल्या. या संग्रहालयात आज फुलकाऱ्याही पाहायला मिळतात.

काही वर्षांपासून मात्र जुनी वस्त्रे काचेबाहेर येऊ लागली आहेत. शहरांतील तरुण मंडळी जुने कपडे हौसेने शोधतात, विकत घेतात आणि लग्नकार्यात मिरवतात. आजीची साडी, पणजीची फुलकारी, आजोबांचा लोकरी कोट. या हौसेला ‘व्हिंटेज’ असे नाव मिळाले आहे. हा शब्द मुळात द्राक्षाच्या मद्याचा. कोणत्या वर्षीच्या द्राक्षांचे ते आहे, हे त्यावरून कळे. आता तो मोटारीला लागतो आणि झब्ब्यालाही लागतो.

या हौसेकडे पाहून अनेकांच्या मनात एक कडवट प्रश्न येतो आणि तो टाळण्याजोगा नाही. जुने कपडे घालणे ही या देशात कोट्यवधी लोकांच्या दृष्टीने हौस कधीच नव्हती. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला, मालकिणीची साडी मोलकरणीला, हा क्रम घरोघर चालत आला. दुसऱ्याच्या मापाचा, कोपरावर ठिगळ लावलेला सदरा घालून शाळेत गेलेल्या मुलाला वर्गातले हसणे आयुष्यभर आठवते. त्याच सदऱ्याला आज कोणी फॅशन म्हणत असेल, तर त्या माणसाला राग येणे स्वाभाविक आहे. पाश्चात्त्य देशांनी टाकलेल्या कपड्यांच्या गासड्या चंडीगडहून काही तासांच्या अंतरावरील पानिपतला येतात. तेथील कामगार बटणे, चेन काढून ते कापतात. यंत्रे त्यांचे तंतू करतात आणि त्यातून स्वस्त ब्लँकेटे विणली जातात. त्या धुळीत काम करणाऱ्या बाईला ‘जुन्या कपड्यांचे सौंदर्य’ समजावून सांगणे सोपे नाही.

परंतु या प्रश्नावरून जुन्या वस्त्रांची हौसच निषिद्ध ठरवणे बरोबर होणार नाही. ठिगळाच्या सदऱ्यात लाज होती ती कापडामुळे नव्हे. तो निवडण्याचा हक्क त्या मुलाला नव्हता म्हणून होती. एरवी जुन्या कापडाविषयी आपल्या समाजात माया कमी नाही. महाराष्ट्रात नवजात बाळाला पहिले दुपटे घालतात ते आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे. विरलेली नऊवारी गोधडीत जाते आणि आणखी कित्येक हिवाळे ऊब देते. टाकाऊतून घडवण्याची ही दृष्टी चंडीगडलाही परकी नाही. नेकचंद या रस्ते विभागातील कर्मचाऱ्याने फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि पाडलेल्या घरांचा राडारोडा गोळा करून १९५७ पासून गुपचूप उभारलेले रॉक गार्डन १९७६ साली लोकांसाठी खुले झाले. तेही फाळणीनंतर या बाजूला आलेले होते.

मराठी घरांनी मात्र एका बाबतीत मोठे नुकसान करून घेतले आहे. खऱ्या जरीच्या पैठणीत रेशमी धाग्यावर चांदीची तार गुंडाळलेली असते आणि तिला सोन्याचा मुलामा असतो. पैठणी जुनी झाली, घडीवर चिरली, की ती वजनावर विकली जाई. घेणारा ती जाळून चांदी काढी. साध्या लुगड्यांवर बोहारणीकडून पातेली आली. अडचणीच्या काळी चांदी मोडणाऱ्या घराला दोष देता येत नाही. पण विणकराच्या कित्येक महिन्यांच्या कष्टांची किंमत चार तोळे चांदीएवढी ठरली, हेही खरे आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांसारख्या एखाद्या माणसाने दिवे, अडकित्ते आणि वस्त्रे वेडाने जमवली नसती, तर पुष्कळसे नामशेषच झाले असते. १९६२ साली त्यांनी आपला संग्रह महाराष्ट्र शासनाकडे सोपवला. संग्राहकाला लोक लोभी म्हणतात, तेव्हा हेही पारड्यात घालावे.

तरीही प्रत्येक संग्राहक केळकर नसतो. आज फुलकारीला मागणी आली, तशी तिच्यावर कात्रीही आली. विरलेल्या बागेतून जाकिटे, पिशव्या, उशांचे अभ्रे शिवले जातात. फाटून चिंध्या झालेल्या वस्त्राचे असे केले तर ते वाया जाण्यापेक्षा बरे. पण एका टोकाला भोक पडले म्हणून धडधाकट बाग कापणे हा अडाणीपणा आहे, मग तो कितीही महागड्या दुकानात होवो. खेड्यातील म्हातारीकडून वस्त्र क्षुल्लक रकमेला उचलायचे आणि शहरात त्याला अनेक पट भाव सांगायचा, याला हौस म्हणत नाहीत, व्यापार म्हणतात. व्यापारही करावा, पण मग निदान म्हातारीला भाव खरा सांगावा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, ही गोष्ट विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांनाही ठाऊक असायला हवी.

दुसऱ्या टोकाला वस्त्र पेटीत जपणारे आहेत. ‘घातले तर खराब होईल’ असे ते म्हणतात. यात तथ्य आहे, पण अर्धे. वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवलेले रेशीम त्या घडीवरच तुटते. डांबरगोळ्या थेट कापडाला लागल्या, लोखंडी पेटीचा गंज लागला, तर न घालताही वस्त्र जाते. उलट, वर्षातून एकदोनदा लग्नाला नेसलेली पैठणी उलगडली जाते, तिला वारा लागतो, आणि परतताना तिची घडी आपोआप बदलते. मऊ सुती कापडात गुंडाळावी, अत्तराचा फवारा जरीवर उडवू नये, फुलकारी घरी साबणात भिजवू नये कारण तिचे रंग उतरतात, एवढी काळजी पुरेशी आहे. विरलेले, हात लावताच झडणारे वस्त्र मात्र अंगावर घालू नये. त्याची जागा पेटीत किंवा संग्रहालयात आहे. बाकीचे घालावे. ओढणी म्हणून भरलेले वस्त्र डोक्यावर आल्याशिवाय पुरते दिसत नाही. चालताना रेशमावर प्रकाश हलतो, तो काचेमागे हलत नाही.

आज बाजारात मिळणारी बहुतेक फुलकारी यंत्रावर, तलम कृत्रिम कापडावर केलेली असते. ती स्वस्त आहे, धुता येते, आणि कारखान्यातल्या माणसांना रोजगार देते. तिला नकली म्हणून हिणवण्याचे कारण नाही. फक्त तिला जुनी म्हणून विकू नये.

जुन्या फुलकारीची स्तुती करताना आणखी एक गोष्ट सहसा विसरली जाते. एक बाग भरायला अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागे. ती भरणाऱ्या बहुतेक जणींना अक्षरओळख नव्हती. शाळा त्यांच्यासाठी नव्हती; सुई होती. त्यांच्या चिकाटीचे कौतुक अवश्य करावे, पण ती चिकाटी त्यांनी स्वतः निवडली होती की अन्य वाटच नव्हती, हेही विचारावे. वस्त्रांवर त्यांची नावे नाहीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असो वा चंडीगडच्या, चिठ्ठीवर प्रांत असतो, अंदाजे काळ असतो, आणि भरणारीच्या नावाची जागा बहुधा कोरी असते. सैंचीवरची आगगाडी कोणी पाहिली, कोणत्या गावाच्या शिवारातून ती जात होती, हे आता कळणे शक्य नाही.

घरातल्या पेटीबाबत ते अजून शक्य आहे. वस्त्र कोणी भरले किंवा विणवून घेतले, कोणाच्या लग्नात, कोणत्या गावी, हे सांगणारे एखादे माणूस बहुतेक घरांत अद्याप आहे. ते सांगत असताना कोणीतरी कागदावर टिपून घ्यावे आणि तो कागद सुती कापडाच्या घडीत, रेशमाला शाई लागणार नाही असा, ठेवावा.