मोबाइलच्या डोळ्याला गादी हवी



बियाणे, खते आणि फवारणीचा पंप सोडून हा शेतकी अधिकारी आज मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे का वळला, असे तुम्हाला वाटेल. कारण सरळ आहे. आता मोबाइल हे शेतीचेच अवजार झाले आहे. २०२१ साली आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढणे हे आपलेच काम झाले. नोंद वेळेत झाली नाही तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, आणि पुढे खरेदी केंद्रापासून विम्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी हेलपाटे पडतात. कोयत्याला धार लावतो, मोटेच्या काळी नाड्याला जपत होतो, तसेच या कॅमेऱ्यालाही जपले पाहिजे.

हल्ली पुष्कळ घरी भाजीपाल्याची पिकअप आहे, जीप आहे, एखादी जुनी मोटार आहे. रात्रीबेरात्री माल घेऊन बाजारपेठेला जायचे असते. वाटेत कोणी धडक दिली तर पुरावा हाती असावा म्हणून तरुण मुले समोरच्या काचेजवळ मोबाइल बसवून रस्त्याचे चित्रण करतात. विचार चांगला आहे. पण मोबाइल लोखंडी पट्टीला घट्ट आवळून बसवला तर दोन गोष्टी होतात. चित्र थरथरते, पुढच्या गाडीचा नंबर वाचता येत नाही. आणि कालांतराने कॅमेराच बिघडू शकतो.

हा बिघाड कसा होतो ते समजून घ्या. बऱ्याच चांगल्या मोबाइलमध्ये कॅमेऱ्याचे भिंग घट्ट बसवलेले नसते. ते अगदी बारीक स्प्रिंगांवर तोललेले असते आणि लोहचुंबक व तारेच्या वेटोळ्याच्या जोरावर हलते. आपला हात हलला की भिंग उलट दिशेला सरकते आणि चित्र स्थिर राहते. हातातल्या हालचालीसाठी ही सोय उत्तम आहे, तासन् तास इंजिनाची थरथर सोसण्यासाठी ती नाही. २०२१ साली ॲपल कंपनीने आपल्या ग्राहकांना जाहीर सूचना दिली की मोटारसायकलच्या जोरदार इंजिनाची थरथर दीर्घकाळ बसली तर कॅमेऱ्याची ही व्यवस्था कमजोर होऊ शकते.

तर मग उपाय काय? आपल्या आजीला तो ठाऊक होता. बैलगाडीतून मडकी न्यायची तर खाली कडबा अंथरायचा, अंडी न्यायची तर भुशात ठेवायची. तेच तत्त्व इथे वापरायचे, फक्त थोडा हिशेब करून.

हिशेब झोक्याचा आहे. पोरीला झोक्यावर बसवून तुम्ही झोक्याच्या लयीतच धक्के दिले तर झोका उंच जातो. पण लय सोडून भराभर बोटाने टिचक्या मारल्या तर झोका जागचा फारसा हलत नाही. मऊ बैठकीवर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूलाही अशी स्वतःची लय असते. गाडीची थरथर त्या लयीशी जुळली तर हादरा उलट वाढतो. थरथर त्या लयीच्या साधारण दीडपटीहून वेगवान झाली की हादरा कमी होऊ लागतो. तिप्पट झाली तर कागदावरच्या हिशेबाने जेमतेम आठवा भाग वर पोहोचतो.

आता गाडीची थरथर मोजा. चार सिलिंडरचे इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर दर फेऱ्याला दोन ठोके, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ ठोके बसतात. दोन सिलिंडरच्या छोट्या मालगाडीत ते निम्मे, सुमारे १३. म्हणून आपली बैठक सेकंदाला ५ हेलकाव्यांच्या आसपास असली म्हणजे दोन्हीकडे काम भागते.

हे ५ हेलकावे ओळखायचे कसे? त्याला यंत्र नको, फूटपट्टी पुरे. वजन ठेवल्यावर बैठक किती दबते ते पाहा. १ मिलिमीटर दबली तर लय सेकंदाला सुमारे १६ हेलकाव्यांची. ४ मिलिमीटर दबली तर ८. आणि १० मिलिमीटर, म्हणजे एक सेंटिमीटर दबली तर ५. आपल्याला हवा तो हा एक सेंटिमीटर.

साहित्य असे घ्या. १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडच्या दोन फळ्या, खालची २० बाय १२ सेंटिमीटर आणि वरची १६ बाय १०. वरच्या फळीच्या मापाचे ६ मिलिमीटर जाडीचे लोखंडी पत्र्याचे दोन तुकडे, मिळून सुमारे दीड किलो. गादीचा ४ सेंटिमीटर जाडीचा फोम. सायकलची जुनी ट्यूब, नायलॉनची दोरी, एल आकाराची लोखंडी पट्टी, चार-सहा स्क्रू आणि पंक्चरवाल्याकडचे सोल्यूशन. बहुतेक वस्तू घरात, सुताराकडे नाही तर भंगारात मिळतील.

एवढे लोखंड कशाला, असे विचाराल. हलकी वस्तू मऊ गादीला दाबतच नाही, त्यामुळे गादी असून नसल्यासारखी होते. मोबाइल पडला जेमतेम पाव किलोचा. लोखंड त्याला भारदस्तपणा देते.

लोखंडी तुकडे वरच्या फळीवर स्क्रूने पक्के बसवा. त्यावर एल पट्टी बसवून मोबाइल आडवा टेकवा आणि ट्यूबच्या रुंद पट्टीने बांधा, कॅमेरा उघडा ठेवून. पट्टी बुटकीच असावी. लांब दांड्याचे होल्डर वापरू नका, बांबूच्या शेंड्यासारखे ते डुलत राहतात. लोहचुंबकाचे होल्डरही नकोत, कारण भिंगाच्या आतल्या चुंबकाच्या कामात ते ढवळाढवळ करू शकतात.

मग फोमचे ५ बाय ५ सेंटिमीटरचे चार तुकडे कापून वरच्या फळीच्या चार कोपऱ्यांखाली नुसते ठेवा. वजनासकट फळी किती दबते ते मोजा. एक सेंटिमीटर दबत नसेल तर चारही तुकडे सारखे थोडे थोडे कापत जा. एकदम फार कापू नका. फार दबत असेल तर तुकडे मोठे घ्या. माप जमले की दोन्ही बाजूंनी सोल्यूशन लावून चिकटवा. फोमऐवजी नुसत्या तारेच्या स्प्रिंगा लावण्याचा मोह टाळा. स्प्रिंग एकदा हलली की बराच वेळ नाचत राहते, फोम मात्र हेलकावा आपल्या अंगात जिरवतो.

दोन्ही फळ्यांना चार ठिकाणी दोरीचे सैल फास घाला. वरची फळी दीड सेंटिमीटर उचलली जावी, त्यापुढे नाही. पण ध्यानात ठेवा, दोन्ही फळ्यांना जोडणारा बोल्ट, खिळा किंवा ताणलेली तार कुठेही नको. तशी एक तार राहिली तर सगळी थरथर तिच्यावाटे वर चढेल. चार्जरची वायरही सैल वळसा देऊन सोडा.

आता खालची फळी गाडीला बसवणे, आणि हे सर्वांत जोखमीचे काम आहे. दोन किलोचे लोखंड सुटे राहिले तर जोराच्या ब्रेकला दगडासारखे उडेल. म्हणून फळी गॅरेजवाल्याकडून मोठे वॉशर घालून बोल्टने पक्की करून घ्या. डॅशबोर्डचे प्लास्टिक कमजोर असेल तर आतून लोखंडी पट्टीचा आधार द्यायला सांगा. एअरबॅगच्या झाकणावर किंवा तिच्या वाटेत ही बैठक कदापि बसवू नका. चालकाच्या नजरेआडही येऊ देऊ नका. आणि चित्रण सुरू करायचे ते गाडी उभी असताना. गाडी चालवताना हातात मोबाइल धरणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात धोकादायक वाहन चालवण्यात मोडते.

बैठक जमली की नाही याची परीक्षा घरच्या मंडळींसमोर घ्या. मोबाइल काढून त्या जागी तेवढ्याच वजनाची, पाण्याने अर्धी भरलेली वाटी ठेवा. दुसरी तशीच वाटी डॅशबोर्डवर ठेवा. गाडी उभीच राहू द्या आणि इंजिन सुरू करा. दोन्ही वाट्यांतले पाणी पाहा. वरच्या वाटीतले पाणी जवळजवळ शांत दिसले तर काम झाले. दोन्हीकडे सारखेच तरंग उठले तर कुठेतरी लोखंडाला लोखंड लागले आहे, ते शोधा.

या बैठकीची मर्यादाही सांगतो. खड्ड्यातला गचका ती पूर्ण झेलणार नाही, आणि गाडी सावकाश झुलते ती झुलणारच. ट्रॅक्टरवर मात्र हिचा भरवसा धरू नका. त्याच्या मागच्या चाकांना पाटे नसतात, नांगरट करताना त्याचे डुलणे आपल्या बैठकीच्या लयीजवळ जाते आणि हादरा वाढण्याची भीती असते. ट्रॅक्टरवर आणि मोटारसायकलवर मोबाइल सदऱ्याच्या खिशात ठेवावा. माणसाच्या अंगाइतकी चांगली गादी दुसरी नाही.

फोम उन्हाने झिजतो, चपटा होतो. दर सहा महिन्यांनी फूटपट्टी लावून पाहा आणि सैल झाला तर तुकडे बदला. ज्यांच्या घरी शाळा-कॉलेजात जाणारी मुले आहेत त्यांनी हे काम त्यांच्यावरच सोपवावे. पुस्तकातली कंपने त्यांना एका दुपारी कळतील, आणि पीक पाहणीच्या दिवसांत बांधावर उभे राहाल तेव्हा मोबाइलचा डोळा शाबूत असेल.